जेटमध्ये तार घालू नये

आमच्या दारात 1987 सालची प्रीमियर पद्मिनी उभी असते. अब्बांनी ती 1994 मध्ये सेकंडहँड घेतली आणि शेवटपर्यंत वापरली. ते गेल्यावर ती विकावी, मोडीत द्यावी असं घरातल्या प्रत्येकाने एकदा तरी म्हणून झालं आहे. मीही म्हटलं आहे. पण दर वेळी फिटनेसची तारीख आली की आरटीओच्या रांगेत मीच उभा असतो.

गेल्या पावसाळ्यात ती जवळपास तीन महिने ताडपत्रीखाली होती. नंतर चोक ओढला की सुरू व्हायची, चोक आत ढकलला की बंद पडायची. स्लोवर उभीच राहत नव्हती. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आधी गचका, मग पिकअप. आणि बॉनेट उघडलं की पेट्रोलचा वास.

आधी मी ती शहरातल्या एका मोठ्या, काचेच्या दाराच्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथला मुलगा सभ्य होता, शिकलेला होता, गणवेशात होता. बराच वेळ इंजिनाकडे पाहून त्याने विचारलं, "सर, यात स्कॅनर कुठे लागतो?" मला हसू आलं, पण त्या मुलाला हसण्याचं कारण नव्हतं. त्याच्या जन्माच्या सुमारासच आपल्याकडच्या नव्या मोटारींतून कार्बोरेटर गेला आणि इंजेक्शन आलं. 2020 च्या एप्रिलपासून बीएस-6 आलं, तेव्हा दुचाकींतूनही तो जवळजवळ हद्दपार झाला. त्याच्या साहेबांनी सल्ला दिला की कार्बोरेटर काढून फेका, बाजारात तयार नवा मिळतो तो बसवा.

तो नवा बसवला असता तर हा लेख झाला नसता.

मिरजेत आमच्याकडे एक उस्ताद आहेत. सत्तरी ओलांडलेले. स्टेशनकडच्या बाजूला त्यांची पत्र्याची शेड आहे. तिच्या अर्ध्या भागात आता दुचाकी धुतल्या जातात, कारण भाडं त्यातूनच निघतं. अब्बांच्या गाडीला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला त्यांना चालायचा नाही. मी कॉलेजात शिकवतो म्हणून ते मला मास्तर म्हणतात. त्यात आदर किती आणि टोमणा किती हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ते म्हणाले, "कार्बोरेटर मी खोलतो, पण बसणार तू. माझे डोळे आता जेटवरचा नंबर वाचत नाहीत."

अशा रीतीने वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मी शागीर्द झालो.

कार्बोरेटर म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगतो. इंजिन हवा ओढून घेतं. ती हवा एका अरुंद गळ्यातून जाते तेव्हा तिचा वेग वाढतो आणि तिथला दाब कमी होतो. त्या कमी दाबामुळे शेजारच्या छोट्या टाकीतलं पेट्रोल बारीक भोकातून वर खेचलं जातं आणि हवेत मिसळतं. वीज नाही, संगणक नाही. पितळेच्या भोकाचा आकार आणि हवेचा वेग, एवढ्यावर हिशेब चालतो. वजनाने एक भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा मिळाली तर सगळं पेट्रोल पुरेपूर जळतं. यापेक्षा हवा कमी पडली तर प्लग काळा होतो, जास्त झाली तर पांढरट. बरोबर असेल तर प्लगला बिस्किटासारखा रंग येतो. हा आकडा उस्तादांना माहीत नाही, रंग माहीत आहे.

ते ज्या भोकाला जेट म्हणतात तिथेच मी पहिली चूक केली. वरचं झाकण काढलं तेव्हा टाकीच्या तळाशी तपकिरी राळ साचलेली होती. पेट्रोल पडून राहिलं, उडून गेलं आणि मागे हा चिकट थर उरला. स्लो जेट पूर्ण बुजलेला होता. मी शहाणपणाने तारेचा एक बारीक तुकडा शोधला आणि जेटमध्ये घालायला गेलो. उस्ताद खुर्चीवरून अर्धे उठले. "तार नक्को डालू!"

मग त्यांनी जे सांगितलं ते मी रात्री घरी येऊन कागदावर मांडून पाहिलं. जेट पितळेचा, तार पोलादी. पितळ मऊ. तार फिरली की भोक खरवडतं, मोठं होतं. जेटवर कोरलेला नंबर म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शतांशांत. समजा 120 नंबरचा जेट आहे, म्हणजे 1.20 मिलिमीटर. तारेने खरवडून तो 1.25 झाला, तर फरक पाच शतांशांचा, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पण भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं आणि पेट्रोलही जवळपास तेवढंच जास्त जातं. वर नंबर मात्र 120 च राहतो. पुढचा मिस्त्री तो नंबर खरा मानून बाकी सगळीकडे दोष शोधत बसेल. उस्तादांच्या भाषेत, जेट खोटं बोलायला लागतो.

म्हणून जेट द्रावणात भिजवायचा, हवेने फुंकायचा, उजेडाकडे धरून पाहायचा, फारच हट्टी कचरा असेल तर ब्रशचा नायलॉनचा केस घालायचा. धातूचं काहीही नाही.

पुढचे दोन दिवस असेच गेले. फ्लोट कानाजवळ धरून हलवायचा, आत पेट्रोल शिरलं असेल तर आवाज येतो. खात्री नसेल तर गरम पाण्यात बुडवायचा, चीर असेल तिथून बुडबुडे येतात. सुईच्या टोकावर झिजेची रेघ दिसते का ते नखाने पाहायचं. आमच्या सुईला ती होती, पेट्रोलच्या वासाचं कारण तेच. सुई पूर्ण बसत नव्हती, टाकी भरून वाहत होती. अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम कडक होऊन कडेला फाटला होता, म्हणून गचका. खालचा पत्रा काचेवर ठेवून पाहिला तर तो किंचित वाकलेला. कोणीतरी नट गरजेपेक्षा जास्त आवळले होते. पॅकिंग कितीही नवं घातलं तरी तिथून हवा शिरणारच. काचेवर पाण्यातला पॉलिश पेपर ठेवून आठच्या आकड्यात हात फिरवत मी तो सपाट केला. दीड तास लागला. थ्रॉटलची दांडी तिच्या भोकात डगडगत होती, तिला बुश बसवण्यासाठी कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर पाठवलं. तिथल्या कारागिराने नमुना हातात घेऊन एकही प्रश्न विचारला नाही, हे मला विशेष वाटलं.

डायफ्रॅमविषयी उस्तादांचं मत असं की तो वयाने गेला त्यापेक्षा जास्त पेट्रोलने गेला. आता पंपावर जे पेट्रोल मिळतं त्यात 20 टक्के इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांतलं रबर त्यासाठी बनवलेलं नाही. इथेनॉल पाणी ओढून घेतं, टाकीतला जुना गाळ सोडवून पुढे ढकलतं आणि काही प्रकारचं रबर फुगवतं, ठिसूळ करतं. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्याला हवा कमी लागते, एका भागाला नऊच भाग. म्हणजे या मिश्रणाला 14.7 ऐवजी साडेतेराच्या आसपास हवा पुरते. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरला ते कळत नाही, तो जुन्याच हिशेबाने देत राहतो आणि इंजिन उपाशी चालतं.

(आमच्या सांगली-कोल्हापुराकडे इथेनॉलविरुद्ध बोलणं जरा जपूनच करावं लागतं. ऊस आपला, कारखाने आपले. आपल्याच शेतातला ऊस आपल्याच गाडीचा डायफ्रॅम खातो, असं उस्ताद म्हणाले आणि स्वतःच हसले.)

यावर त्यांचा उपाय काय? प्लगचा रंग पाहायचा, पांढरट असेल तर जेट एक नंबर मोठा घालायचा. मी वर मांडलेला हिशेब पुन्हा पाहा. 120 वरून 125 म्हणजे साडेआठ टक्के जास्त पेट्रोल. 14.7 वरून साडेतेरावर येण्यासाठी जेवढी वाढ लागते ती जवळपास तेवढीच. मला हे कळायला कॅल्क्युलेटर लागला. चौथीत शाळा सोडलेला माणूस रंग बघून तिथेच पोहोचला होता.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

आपल्या मोबाइलवर दर काही दिवसांनी एक संदेश फिरत येतो. मुसलमानांनी जगाला काय काय दिलं त्याची यादी. त्यात अल-जझरी असतो, बगदादचे बनू मूसा हे तीन भाऊ असतात. यादीत अतिशयोक्ती बरीच असते, पण ही नावं खरी आहेत. नवव्या शतकात बनू मूसांनी चमत्कारिक यंत्रांचं एक पुस्तक लिहिलं. त्यात पाण्याची पातळी वाढली की तरंगणारा गोळा वर येतो, शंकूच्या आकाराची झडप बंद करतो आणि पाणी थांबतं, अशा रचना आहेत. तरंगत्या गोळ्याची कल्पना त्यांच्याही आधी ग्रीकांकडे अलेक्झांड्रियात होती, तेव्हा सगळं श्रेय आपलंच म्हणून ओढू नये. पण बनू मूसांनी तिच्यातून जे करून दाखवलं ते थक्क करणारं आहे.

त्या दिवशी माझ्या तळहातावर जो फ्लोट आणि जी सुई होती ती हीच रचना. पेट्रोल वर आलं, फ्लोट वर आला, शंकूच्या टोकाची सुई बसली, पेट्रोल थांबलं. बाराशे वर्षांत धातू आणि माप बदललं. बनू मूसांचं ते पान उघडून दिलं तर आमच्या मोहल्ल्यात ते चित्र पाहताक्षणी समजणारा माणूस कोण? मी नाही. तो संदेश पुढे पाठवणारे इंजिनिअरही बहुधा नाहीत. उस्ताद समजतील. आणि त्यांना आपण काय म्हणतो? गॅरेजवाला.

सच्चर समितीने 2006 मध्येच सांगितलं की मुसलमानांचा मोठा भाग स्वयंरोजगारावर जगतो, आणि वाहनांची विक्री-दुरुस्ती हे त्यातलं एक ठळक क्षेत्र आहे. आपण तो अहवाल आपल्या मागासलेपणाचा पुरावा म्हणून वापरतो. त्यात गैर काही नाही, मागासलेपण खरं आहे. पण त्याच ओळीत एक कसबही नोंदलेलं आहे, ते आपण वाचत नाही. मुलगा नापास झाला तर "गॅरेजला टाका" हे वाक्य आपल्या घरांत शिक्षा म्हणून उच्चारलं जातं. रिश्त्याच्या बायोडाटात "बिझनेस" लिहितात, "मेकॅनिक" लिहीत नाहीत. जुम्म्याच्या बयानात दाऊद अलैहिस्सलाम यांचा उल्लेख येतो, त्यांच्या हाती लोखंड मऊ झालं, त्यांना चिलखतं बनवायला शिकवलं गेलं. सगळे माना डोलावतात. बाहेर पडल्यावर काळ्या हाताच्या माणसाशी मुसाफहा करताना कफ सावरून घेतात. मी स्वतः सावरला आहे, म्हणून लिहितो.

आमच्याच गावात दुसरं उदाहरण आहे. मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचे दिवस सरले तेव्हा त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे हात वळवला. आज मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि ते मिळायलाच हवं होतं. ते हात आणि गॅरेजमधले हात एकाच प्रकारचे आहेत, कान लावून काम करणारे. फरक एवढाच की तंबोऱ्याभोवती गवई होते, रसिक होते, लिहिणारे होते. कार्बोरेटरभोवती गिऱ्हाईक होतं, आणि त्याला घाई होती.

याचा अर्थ मी गॅरेजचे गोडवे गातो आहे असं नाही. उस्ताद अकराव्या वर्षी कामाला लागले. त्या काळी जेट तोंडाने फुंकायचे, पाइप तोंडाने ओढून पेट्रोल काढायचे, संध्याकाळी पेट्रोलनेच हात धुवायचे. त्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं. देशभरातून शिसंयुक्त पेट्रोल बंद झालं ते 2000 च्या फेब्रुवारीत. म्हणजे तीसेक वर्षं ते त्यांच्या तोंडात आणि कातडीत जात राहिलं. विमा नाही, फंड नाही, डोळे गेले तर काय याचं उत्तर नाही. त्यांनी स्वतः आपल्या नातवाला शेडमध्ये पाय ठेवू दिलेला नाही, आणि ते बरोबरच केलं. अकरा वर्षांचं पोर गॅरेजमध्ये दिसलं तर त्याला हाताला धरून शाळेत नेऊन बसवलं पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण मुलाला शाळेत नेणं आणि मिस्त्रीकडचं ज्ञान फेकून देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण दुसरी गोष्टही पहिलीच्या नावाखाली करतो आहोत.

कोणी म्हणेल, कार्बोरेटर तर गेलाच, आता विजेच्या गाड्या आल्या, हे ज्ञान जपून करायचं काय? माझ्या एका सहकाऱ्याने अगदी हेच विचारलं. दोन गोष्टी सांगतो. एक म्हणजे कार्बोरेटर अजून गेलेला नाही. 2020 च्या आधीच्या किती तरी दुचाकी रस्त्यावर आहेत आणि त्या गरिबांच्याच घरी आहेत. त्यांनाही तेच 20 टक्क्यांचं पेट्रोल मिळतं. जेट बुजला म्हणून अख्खा कार्बोरेटर बदलायला लावणं म्हणजे हातावर पोट असलेल्या माणसाची दोन-तीन दिवसांची कमाई काढून घेणं आहे. दुसरी गोष्ट दोष शोधण्याच्या रीतीची. उस्तादांनी तीन दिवसांत एकदाही अंदाजाने सुटा भाग बदलला नाही. आधी पेट्रोल येतं का, मग ठिणगी पडते का, मग हवा कुठून चोरून शिरते का. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि गाडी चालवून पाहायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी कशाने सुधारली ते कळणार नाही. हे मी विज्ञानाच्या वर्गात वर्षानुवर्षं शिकवत आलो. माझ्या किती विद्यार्थ्यांच्या हाडात ते मुरलं, कोणास ठाऊक.

अल-जझरीचं मोठेपण कशात होतं याचा मी हल्ली वेगळा विचार करतो. तो हाताने काम करणारा माणूस होता, आणि 1206 च्या सुमारास त्याने आपली यंत्रं मापांसकट, आकृत्यांसकट, जोडणीच्या क्रमासकट लिहून ठेवली. दुसऱ्या कारागिराला ती बनवता यावीत इतक्या बारकाईने. म्हणून आठशे वर्षांनी लोकांना ती पुन्हा बनवता आली. त्याच्यासारखे हात असलेले आणखी किती जण तेव्हा असतील, पण लिहिलं त्याने. आमच्या उस्तादांना लिहिता येत नाही. ज्यांना येतं ते, म्हणजे मी आणि माझ्यासारखे, संदेश पुढे पाठवण्यात गुंतलेले.

सरकारी कौशल्य योजनेत आधीच येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. आपल्या संस्थांनी, जमातींनी, मशिदीच्या ट्रस्टनी मोहल्ल्यातल्या मिस्त्रींना ती मिळवून दिली पाहिजे. निदान कागद तरी हातात येईल. पण त्या कागदावर "तार घालू नये" आणि त्यामागचं कारण येणार नाही. ते कोणीतरी बसून, विचारून, मराठीत लिहून काढावं लागेल. गॅरेजमधले बहुतेक शब्द तर मराठीच्या कोशात सापडायचेही नाहीत. त्या शेडमध्ये दख्खनी बोलणारे उस्ताद, कानडी बोलणारा वेल्डर आणि मराठी बोलणारा पेंटर यांनी मिळून जी भाषा बनवली आहे तिला नावही नाही.

मी एक वही केली आहे. दोनशे पानी, वरून प्लास्टिकचं कव्हर घातलेली, कारण पहिल्याच दिवशी तिच्यावर ऑइल सांडलं. त्यात जेटचे नंबर आहेत, फ्लोटची उंची आहे, कोणता आवाज कशाचा ते आहे. कोणाकडे असे उस्ताद असतील, मग ते मोटारीचे असोत, पंपसेटचे असोत की शिलाई मशीनचे, आणि ते कोणत्याही जातीधर्माचे असोत, तर त्यांच्यापाशी वही घेऊन बसा. लवकर बसा.

तिसऱ्या दिवशी असरनंतर आम्ही कार्बोरेटर परत चढवला. मिक्स्चरचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत, मग दीड आटा बाहेर. चोक ओढला, गाडी सुरू झाली. चोक आत ढकलला, चालू राहिली. मी खुशीत वही उघडली आणि लिहिलं, "मिक्स्चर, दीड आटा."

उस्तादांनी काय लिहिलं ते विचारलं. मी वाचून दाखवलं.

"काट ते," ते म्हणाले. "इंजिन अजून थंड आहे."

आम्ही दहा मिनिटं गप्प उभे राहिलो. मग त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर घेतला, डोळे मिटले आणि स्क्रू अगदी जरासा फिरवला. मला फरक ऐकू आला नाही. "आता लिही," म्हणाले. मी विचारलं, किती लिहू? ते थोडा वेळ विचार करत राहिले आणि म्हणाले, "पुन्हा आवळतो. तू मोज."